कोटा भरलाय, पण पुसायची घाई नको

प्रश्न: मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रथिनांची सिम्युलेशन्स ग्रोमॅक्स या प्रोग्रॅमवर चालवते. संस्थेच्या क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक संगणकांच्या सामायिक यंत्रणेवर) मला होममध्ये, म्हणजे कायमच्या जागेत, ५० जीबी आणि स्क्रॅचवर, म्हणजे कामापुरत्या जागेत, १ टीबी असा कोटा आहे. परवा रात्री 'डिस्क कोटा एक्सीडेड' असा संदेश येऊन होममध्ये चालू असलेला माझा रन पडला. होममधल्या सगळ्या डिरेक्टरी मोजल्या तर बेरीज जेमतेम १९ जीबी येते. उरलेली जागा गेली कुठे? स्क्रॅचवरच्या ६० दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात म्हणून मी तिथे काही ठेवत नाही. एक सीनियर म्हणतो, दर महिन्याला सगळ्यांवर टच मारून तारखा ताज्या करत जा, काही होत नाही. गाईड म्हणतात, काहीही डिलीट करू नकोस. मी नेमकं काय करू?

उत्तर: सर्वांत आधी त्या पडलेल्या रनबद्दल, कारण तो बहुधा वाचलेला आहे आणि घाईत केलेल्या साफसफाईत तोच जाण्याची भीती जास्त. त्या रनच्या डिरेक्टरीतल्या कशालाही आत्ता हात लावू नका. ग्रोमॅक्स साधारण दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (रन तिथून पुढे सुरू करता यावा म्हणूनची सीपीटी फाइल) लिहितं आणि आधीचा चेकपॉइंट 'प्रीव्ह' नावाने शेजारी ठेवतं. ताजा अर्धवट लिहिला गेला असेल तर जुना कामाला येतो. 'जीएमएक्स चेक' चालवून दोन्ही सीपीटी फाइली वाचता येतात का ते बघा. मग संपूर्ण डिरेक्टरी 'आरसिंक'ने स्क्रॅचवर कॉपी करा आणि तिथून 'एमडीरन' या रन चालवणाऱ्या आज्ञेला 'सीपीआय' हा पर्याय देऊन रन पुढे चालू करा. पुढचं लिखाण जुन्याच फाइलींना जोडायचं असेल तर लॉग, एक्सटीसी (अणूंच्या जागांची दाबलेली नोंद) आणि एनर्जी या फाइली जशाच्या तशा जागेवर लागतात. ग्रोमॅक्स त्या चेकपॉइंटमधल्या नोंदीशी पडताळून बघतं. जागा करायला म्हणून कोणी लॉग उडवला किंवा एक्सटीसी कापली, तर ते जोडून लिहायला नकार देतं आणि 'नोअपेंड' देऊन तुकडे सांभाळत बसावं लागतं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

'एमव्ही' न वापरता 'आरसिंक' सुचवण्याचं कारण आहे. होम आणि स्क्रॅच या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या फाइल सिस्टिम असतात. त्यांच्यामध्ये 'एमव्ही' म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ पुसणं. मध्येच कनेक्शन तुटलं की काही फाइली इकडे, काही तिकडे. 'आरसिंक' पुन्हा चालवलं की राहिलेलं पूर्ण करतं. कॉपी नीट झाल्याची खात्री 'चेकसम' पर्यायाने करून घ्या आणि मगच होममधली प्रत काढा.

आता हरवलेले ३१ जीबी. जागा मोजणारी 'डीयू -एसएच' ही आज्ञा लिहून पुढे तारा (*) दिला असेल तर शेल बिंदूने सुरू होणारी नावं त्यात धरत नाही, आणि होममधली सगळ्यांत जड डिरेक्टरी बहुतेक वेळा बिंदूनेच सुरू होते. तारा काढा. होमच्या पत्त्यावर 'डीयू'ला 'मॅक्स-डेप्थ' १ द्या आणि उत्तर 'सॉर्ट -एच'मधून जाऊ द्या. तळाशी एकूण बेरीज आणि तिच्या लगेच वर सर्वांत जड डिरेक्टरी दिसेल.

तिथे काय दिसेल याचा अंदाज देता येतो. बहुतेक ते कॅश असतील, म्हणजे प्रोग्रॅमांनी नेटवरून उतरवून ठेवलेल्या फाइलींचे साठे. ('डॉट' म्हणजे नावाच्या सुरुवातीचा बिंदू. कॉन्डा आणि पिप ही पायथनची पॅकेज बसवणारी साधनं.) डॉट-कॉन्डा किंवा मिनीकॉन्डाखालचं 'पीकेजीएस', डॉट-कॅशमधलं पिप, भाषा-मॉडेल किंवा प्रथिनांची मॉडेल वापरून पाहिली असतील तर तिथलंच हगिंगफेस, कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका गाठोड्यात) वापरत असाल तर डॉट-ॲप्टेनरमधला कॅश, आणि लॅपटॉपवरून व्हीएस कोडने जोडत असाल तर डॉट-व्हीएसकोड-सर्व्हरमधल्या मागच्या कितीतरी आवृत्त्या. शिवाय डेस्कटॉपसारख्या खिडकीतून लॉगिन करून कधी फाइली पुसल्या असतील तर डॉट-लोकलच्या आत 'ट्रॅश'मध्ये त्या अजून पडून असतात आणि कोट्यात मोजल्या जातात. यातलं जवळपास सगळं नेटवरून पुन्हा उतरवता येतं, म्हणून साफसफाईची सुरुवात इथून करा. कॉन्डा, पिप आणि ॲप्टेनरसाठी 'कॉन्डा क्लीन'ला 'ऑल' पर्याय, 'पिप कॅश पर्ज', 'ॲप्टेनर कॅश क्लीन' या तीन आज्ञा पुरतात. व्हीएस कोडची डिरेक्टरी मात्र एडिटर बंद करून मगच उडवा.

'कॉन्डा क्लीन'नंतर अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटली तर गडबडू नका. पॅकेजचा साठा आणि एन्व्हायर्नमेंट (एका कामासाठी बसवलेल्या पॅकेजांचा संच) एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर कॉन्डा फाइलींची दुसरी प्रत करत नाही, हार्डलिंक करतं. एकच फाइल दोन नावांनी दिसते. एक नाव पुसलं तरी दुसरं असेपर्यंत जागा सुटत नाही. खरी जागा सोडवायची तर न लागणारी एन्व्हायर्नमेंट काढावी लागतात. काढण्याआधी 'कॉन्डा एन्व्ह एक्स्पोर्ट'ने प्रत्येकाची वायएमएल फाइल लिहून घ्या आणि ती गिटमध्ये ठेवा. काही केबींच्या त्या फाइलीवरून ते एन्व्हायर्नमेंट पुन्हा उभं करता येतं.

कॅश पुढे होममध्ये साठू नये म्हणून 'कॉन्डा पीकेजीएस डर्स', 'पिप कॅश डिर', 'एचएफ होम' आणि 'ॲप्टेनर कॅशेडिर' ही चार व्हेरिएबल्स बॅशआरसीमध्ये (शेलच्या सेटिंगच्या फाइलीत) स्क्रॅचकडे वळवा. (नावांतले शब्द अधोरेषेने जोडलेले आणि सगळी अक्षरं कॅपिटल असतात.) पण हे जागा मोकळी झाल्यावर करा. कोटा काठोकाठ भरलेला असताना बॅशआरसी उघडून सेव्ह केली तर काही एडिटर आधी फाइल रिकामी करतात आणि नंतर लिहायला जातात. लिहिता येत नाही, आणि हातात शून्य बाइटची फाइल राहते. त्याच कारणाने ज्युपिटर सुरू न होणं, गिट कमिट अडणं, खिडक्या उघडताना 'एक्सऑथॉरिटी'ची कुरकुर, ही सगळी भरलेल्या होमची लक्षणं आहेत. लोक भलतीकडे दोष शोधत दिवस घालवतात.

आणि एक सावधगिरी: कॅश स्क्रॅचवर चालतो, एन्व्हायर्नमेंट चालत नाही. एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो फाइली असतात आणि त्यांतल्या अनेकांना महिनोन्‌महिने कोणी हात लावत नाही. ६० दिवसांचा नियम नेमक्या तेवढ्याच उचलतो. मग पायथन सुरू होतं, नम्पाय सापडतं आणि एखादं आडबाजूचं मॉड्यूल गायब असतं. असा अर्धा कुरतडलेला सेटअप दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने बांधणं सोपं. एन्व्हायर्नमेंट होममध्ये किंवा प्रोजेक्टच्या जागेत ठेवा. फारच मोठं असेल तर त्याचा कंटेनर करा. तो एसआयएफची एकच फाइल असतो.

'डीयू' आणि कोटा यांचे आकडे यानंतरही जुळले नाहीत तर आणखी दोन कारणं तपासा. कोटा साधारणपणे फाइलीच्या मालकावर मोजला जातो, ती कोणत्या डिरेक्टरीत आहे यावर नाही. लॅबच्या सामायिक डिरेक्टरीत तुम्ही टाकलेला डेटा त्याच फाइल सिस्टिमवर असेल तर तो तुमच्या नावावर चढतो. 'फाइंड'ला 'यूजर' पर्याय देऊन तिथे आपल्या नावाचं काय आहे ते पाहा. मालकी बदलणं तुमच्या हातात नसतं, ते अ‍ॅडमिनच करू शकतात. काही ठिकाणी मोजणी ग्रुपवर किंवा प्रोजेक्टवर असते. तिथे 'आरसिंक -ए' आणि 'एमव्ही' फाइलीचा जुना ग्रुप तसाच नेतात आणि डेटा चुकीच्या खात्यावर चढतो. त्यासाठी 'नो-ग्रुप' पर्याय द्यावा लागतो. दुसरं कारण म्हणजे पुसलेली पण अजून कोणत्या तरी प्रोसेसने उघडी ठेवलेली फाइल. तो जॉब किंवा ती ज्युपिटर बंद होईपर्यंत जागा परत मिळत नाही.

मोठ्या क्लस्टरवर स्क्रॅच बहुतेक वेळा लस्टर या अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या फाइल सिस्टिमवर असतो. 'एलएफएस कोटा' ही आज्ञा तिथला खरा आकडा देते, आणि ती 'डीयू'सारखी फाइल-फाइल चाळत नाही, त्यामुळे लगेच उत्तर येतं. तिच्या उत्तरात दोन हिशेब असतात: किती जागा आणि किती फाइली. दोन्हींना सॉफ्ट आणि हार्ड अशी मर्यादा असते. सॉफ्ट ओलांडली की आकड्यापुढे तारा दिसतो आणि मुदत सुरू होते. लस्टरमध्ये ती मुळात एक आठवड्याची असते, अ‍ॅडमिन बदलू शकतात. मुदत संपली की हार्ड मर्यादा अजून लांब असली तरी लिखाण बंद. 'माझे तर शंभर जीबी शिल्लक आहेत आणि तरी जॉब पडतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा संपलेली मुदत असते, नाहीतर फाइलींची संख्या.

फाइलींच्या संख्येकडे फार कमी जण बघतात. लस्टरमध्ये फाइलीचं नाव आणि परवानग्या मेटाडेटा सर्व्हरवर असतात, मजकूर दुसऱ्या सर्व्हरांवर. प्रत्येक लहान फाइल म्हणजे मेटाडेटा सर्व्हरला वेगळी फेरी, आणि तो सर्व्हर सगळ्या वापरकर्त्यांचा मिळून असतो. लाखभर लहान फाइलींच्या डिरेक्टरीत 'एलएस -एल' मारणाऱ्याने शेजारच्या लॅबचेही जॉब मंदावतात. अशा ठिकाणी साधं 'एलएस' रंगाशिवाय वापरा आणि शोधाला 'एलएफएस फाइंड' घ्या. लॉगिन नोडवर तासभर चालणारं 'डीयू' टाळा.

तुमच्याकडे या लहान फाइली विश्लेषणातून येत असणार: फ्रेमगणिक काढलेल्या पीडीबी, प्रत्येक रनचे एक्सव्हीजी आलेख. त्या डिरेक्टरीनिहाय टार करा, म्हणजे एकेका फाइलीत बांधा. टार होममध्ये बनवायला गेलात तर दोन्ही प्रतींना जागा लागते, म्हणून थेट स्क्रॅचवर लिहा. मोठं काम असेल तर जॉब म्हणून सबमिट करा. झाल्यावर टारमधल्या नावांची यादी मोजून मूळ संख्येशी ताडा, 'शा२५६सम' (फाइल बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढून ठेवा, नंतर मूळ फाइली पुसा. टारला 'रिमूव्ह-फाइल्स' सांगून दोन्ही कामं एका दमात करायचा मोह आवरा. मध्येच कोटा भरला तर काय उरेल याचा भरवसा नाही.

आता अडचणीचं दुसरं मूळ, आणि ते ट्रॅजेक्टरीत आहे, म्हणजे अणूंच्या जागा वेळोवेळी नोंदणाऱ्या फाइलीत. हिशेब करून बघा. १ लाख अणूंची प्रणाली. प्रत्येक अणूचे तीन निर्देशांक, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला १.२ एमबी. २ फेम्टोसेकंदांच्या पावलाने १०० नॅनोसेकंद म्हणजे ५ कोटी पावलं. दर ५,००० पावलांनी लिहिलं तर १०,००० फ्रेम, म्हणजे टीआरआर या न दाबलेल्या फाइलीत १२ जीबी. वेग आणि बलंही लिहिली तर ३६ जीबी. कुठून तरी मिळालेल्या एमडीपी (रनच्या सेटिंगच्या) फाइलीत ५,००० पावलांऐवजी ५०० असेल तर तोच रन ३६० जीबी खातो. ५० जीबीच्या होममध्ये असा रन मावणं शक्यच नाही.

म्हणून एमडीपीमध्ये 'एनएसटीएक्सआउट', 'एनएसटीव्हीआउट' आणि 'एनएसटीएफआउट' हे निर्देशांक, वेग आणि बलं लिहिण्याचे तिन्ही आकडे शून्य करा आणि एक्सटीसीसाठीचा 'एनएसटीएक्सआउट-कॉम्प्रेस्ड' तेवढा ५,००० ठेवा. पुन्हा सुरू करायला लागणारे पूर्ण अचूकतेचे निर्देशांक आणि वेग चेकपॉइंटमध्ये असतातच. एक्सटीसी ०.००१ नॅनोमीटरपर्यंत अचूक असते आणि साधारण एक तृतीयांश जागेत मावते, म्हणजे वरच्या उदाहरणात ४ जीबीच्या आसपास. बलांचं विश्लेषण किंवा वेगांचे सहसंबंध हवे असतील तर टीआरआर लागेल, पण मग तेवढ्यासाठी वेगळा छोटा रन करा. 'कॉम्प्रेस्ड-एक्स-जीआरपीएस'मध्ये फक्त प्रथिनाचा गट दिला तर पाणी लिहिलंच जात नाही. ५,००० अणूंच्या प्रथिनाची फाइल २०० एमबीच्या घरात येते. हा निर्णय मात्र गाईडशी बोलून घ्या, कारण पाणी टाकून दिल्यावर सक्रिय जागेतल्या पाण्याच्या रेणूंबद्दल किंवा आयनांबद्दल परीक्षकाने प्रश्न विचारला तर रनच पुन्हा करावा लागेल. मधला मार्ग म्हणजे प्रथिन दर १० पिकोसेकंदांनी आणि सगळी प्रणाली दर १०० पिकोसेकंदांनी. आधीच झालेल्या रनसाठी ट्रॅजेक्टरी रूपांतरित करणाऱ्या 'ट्रजकॉन्व्ह'ला 'डीटी' १०० देऊन विरळ प्रत आणि इंडेक्स फाइल देऊन प्रथिनाची प्रत अशा दोन काढता येतात. एक्सटीसीला जीझिप करण्यात वेळ घालवू नका, ती आधीच दाबलेली असते.

जुन्या रनमध्ये एक छुपा साठा हमखास सापडतो. त्याच नावाची फाइल पुन्हा लिहायची वेळ आली की ग्रोमॅक्स जुनीला दोन्ही बाजूंनी # लावून बाजूला ठेवतं, एका नावाच्या ९९ प्रतींपर्यंत. चुकलेल्या प्रयत्नांच्या आख्ख्या ट्रॅजेक्टरी तिथे साठतात. 'फाइंड'ने '#*#' हे नाव शोधा, नाव अवतरणचिन्हांत द्या. आधी नुसती यादी छापा, नजरेखालून घाला, मग त्याच आज्ञेच्या शेवटी 'डिलीट' जोडा. शेवटीच. 'फाइंड' पर्याय डावीकडून उजवीकडे पाळतं. 'डिलीट' आधी आणि 'नेम' नंतर लिहिलं तर नाव तपासायच्या आतच सगळं पुसलं जातं. क्लस्टरवर आज्ञेने पुसलेलं ट्रॅशमध्ये जात नाही.

सीनियरचा सल्ला ऐकू नका. दर महिन्याला सरसकट टच मारणं बहुतेक संस्थांच्या नियमांत थेट उल्लंघन ठरतं आणि खातं गोठवलं जाऊ शकतं. नियमापलीकडचंही कारण आहे. स्क्रॅच साफ होत राहतो म्हणूनच तिथे तुम्हाला १ टीबी मिळतो. तारखा जिवंत ठेवलेला मृत डेटा वाढला की सगळ्यांचंच लिखाण मंदावतं. एक प्रामाणिक अडचण मात्र असते: टार उघडल्यावर किंवा 'आरसिंक -ए' केल्यावर फाइलींच्या जुन्याच तारखा येतात, 'डब्ल्यूगेट'ने उतरवलेल्या फाइलीला सर्व्हरवरची तारीख लागते. नियम बदलाच्या तारखेवर चालत असेल तर आज आणलेला डेटा उद्याच पुसला जाऊ शकतो. टार उघडताना 'एम' पर्याय द्या, 'डब्ल्यूगेट'ला 'नो-यूज-सर्व्हर-टाइमस्टँप्स'. यात गैर काहीच नाही.

त्याच वेळी स्क्रॅचला घाबरून तिथे काहीच न ठेवणं हीही चूक आहे, त्यामुळेच होम भरली. रन स्क्रॅचवरच चालवा. रन संपल्यावर लगेच, ६० दिवसांची वाट न बघता, ठेवण्याजोगं तेवढं उचला. स्क्रॅचचा बॅकअप सहसा नसतो, आणि जिथे असतो तिथेही तो एकमेव आधार धरू नये. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्या स्क्रिप्टमुळेच सुमारे ७७ टीबी डेटा, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतल्या ४ गटांचा डेटा परत मिळालाच नाही. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची फाइल बदलली गेली, व्हेरिएबलला किंमतच मिळाली नाही आणि 'फाइंड'ने भलतीकडचं पुसलं. म्हणून पुसण्याच्या कोणत्याही स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' लिहा, म्हणजे किंमतच न दिलेल्या व्हेरिएबलवर ती थांबते, आणि चालू असलेली शेल स्क्रिप्ट संपादित करू नका. स्लर्म (क्लस्टरवर जॉब लावणारी प्रणाली) तुमची जॉब स्क्रिप्ट सबमिट करतानाच कॉपी करून घेतं, पण तिच्यातून बोलावलेल्या बाकीच्या स्क्रिप्ट डिस्कवरूनच वाचल्या जातात.

राहिले गाईड. 'काहीही डिलीट करू नकोस' यामागची काळजी खरी आहे, पेपरच्या परीक्षकाने दोन वर्षांनी आकडा विचारला तर दाखवता यायला हवा. त्यांच्यासमोर रनची यादी घेऊन बसा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे पुन्हा तयार करायला किती तास आणि किती कोअर लागतील. टोपोलॉजी (रेणूंची रचना), एमडीपी, टीपीआर (रनची तयार इनपुट फाइल), सुरुवातीची जीआरओ (अणूंच्या जागा), शेवटचा चेकपॉइंट, लॉग आणि विश्लेषणाच्या स्क्रिप्ट हे एका रनचं मिळून थोडक्यात मावतं. ते कायमचं, दोन ठिकाणी, त्यातलं एक क्लस्टरबाहेर. पेपरमधल्या आकृतीमागची ट्रॅजेक्टरी ठेवायची, विरळ केलेली चालेल. फसलेले आणि चाचणीचे रन, # लावलेल्या फाइली, एका दिवसात पुन्हा होणारे रन पुसायचे, वर एक ओळीची नोंद ठेवून. छापून आलेल्या पेपरचा डेटा झेनोडो या खुल्या संग्रहावर टाकता येतो, तिथे एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय हा कायमचा संदर्भ क्रमांकही. एका नोंदीत १०० फाइलींची मर्यादा आहे, तिथेही टार लागेलच.

यानंतरही जागा अपुरी पडत असेल तर अ‍ॅडमिनकडे वाढ मागा. 'कोटा भरलाय, वाढवून द्या' एवढ्या एका ओळीच्या मेलवर त्यांना काही ठरवता येत नाही. 'एलएफएस कोटा'चं उत्तर जोडा, काय काय साफ केलं ते लिहा, पुढच्या रनची संख्या गुणिले प्रत्येकी जीबी असा वरच्यासारखा हिशेब द्या, आणि ती जागा कोणत्या तारखेपर्यंत हवी हे गाईडना सीसी करून सांगा.